एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू : उबुंटूची जागा संपली, विंडोजकडे रिकामी आहे, मग काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा : डोंबिवलीत राहणाऱ्या, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपला ५१२ जीबीची एसएसडी आहे. विंडोज ११ लॅपटॉपसोबतच आलं होतं. नंतर उबुंटू २४.०४ टाकलं आणि त्याला ४० जीबी दिले. आता उबुंटू 'जागा शिल्लक नाही' म्हणतं, अपडेट अडकतात, आणि विंडोजच्या सी ड्राइव्हमध्ये मात्र १५० जीबी मोकळे आहेत. दोन्हीकडचं काहीही न गमावता ही जागा उबुंटूला कशी द्यायची?

देता येते. पण मोकळी जागा किती आहे यापेक्षा ती डिस्कवर नेमकी कुठे आहे, हे आधी बघावं लागतं. पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे पाडलेले तुकडे, चाळीतल्या सलग खोल्यांसारखी एका रांगेत असतात. भिंत सरकते ती फक्त लगतच्या खोलीकडे, आणि तीही आतलं सामान आधी हलवून. बहुतेकांची चूक इथेच होते : सी ड्राइव्ह छोटा करतात, मोकळी जागा दिसते, पण उबुंटूचं पार्टिशन त्या जागेत वाढायला तयार होत नाही.

तुमच्या डिस्कची रांग बहुधा अशी असेल. सुरुवातीला ईएफआय पार्टिशन (सिस्टीम सुरू करणाऱ्या फाइली यात असतात), साधारण २६० एमबी (विंडोज स्वतः नव्याने टाकलं असेल तर १०० एमबी). मग मायक्रोसॉफ्टचं १६ एमबीचं राखीव पार्टिशन, जे विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसतही नाही. मग मोठा सी ड्राइव्ह, मग उबुंटू, आणि शेवटी विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन. यातलं ईएफआय आणि रिकव्हरी जागेसाठी कधीही पुसू नका. मिळून दीड-दोन जीबीही सुटणार नाहीत, आणि ईएफआय गेलं तर दोन्ही सिस्टीम सुरू होणं बंद होईल. तुमच्या डिस्कवरचा खरा क्रम जीपार्टेड या पार्टिशन बदलायच्या ॲपमध्ये बघून कागदावर उतरवा, प्रत्येकाच्या आकारासकट.

आकार बघताना एक गोंधळ होतो. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते, उबुंटूच्या 'डिस्क्स' ॲपमध्ये ५१२ दिसते आणि जीपार्टेडमध्ये पुन्हा ४७६ च्या आसपास. जागा कुणी खाल्लेली नाही. एकजण हजाराच्या पटीत मोजतो, दुसरा १०२४ च्या. हिशेब करताना एकच ॲप धरून चला.

यापुढे कमांडी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत टाकायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

पार्टिशनला हात लावण्याआधी उबुंटूचे ४० जीबी कशाने भरले ते मोजा. ही पायरी टाळू नका, कारण पुढचा सगळा निर्णय यावर आहे. जागा 'होम'मध्ये, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फाइलींच्या फोल्डरमध्ये गेली असेल तर एक उपाय, 'व्हार'मध्ये, म्हणजे सिस्टीमच्या बदलत्या डेटाच्या फोल्डरमध्ये गेली असेल तर दुसरा. टर्मिनलमध्ये 'डीएफ -एच' दिल्यावर कोणतं पार्टिशन किती भरलंय ते कळतं. नेमकं कोणतं फोल्डर फुगलंय ते उबुंटूच्या 'डिस्क युसेज ॲनालायझर'मध्ये दिसतं. टर्मिनल आवडत असेल तर 'एनसीडीयू' टाकून घ्या आणि सुडोने (ॲडमिनच्या अधिकाराने) चालवा, नाहीतर सिस्टीमची काही फोल्डर मोजलीच जात नाहीत.

विद्यार्थ्यांच्या आणि डेव्हलपरांच्या मशीनवर गुन्हेगार बहुतेक ठरलेले असतात. डॉकर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) पहिला. 'डॉकर सिस्टीम डीएफ' दिलं की इमेज, कंटेनर आणि बिल्ड कॅश किती खातायत ते दिसतं, आणि 'डॉकर सिस्टीम प्रून -ए' ने न वापरलेल्या इमेज जातात. त्याला व्हॉल्यूम पुसण्याचा पर्याय मात्र सवयीने जोडू नका; प्रोजेक्टचा डेटाबेस त्यातच असतो. दुसरा, पायथनची पॅकेजं सांभाळणारा कोंडा : 'कोंडा क्लीन'ला दोन हायफन आणि 'ऑल' जोडून दिलं की जुनी पॅकेजं निघतात, एन्व्हायर्नमेंट शाबूत राहतात. पिप या पायथनच्या पॅकेज इन्स्टॉलरची आणि ब्राउझरची साठवण होममधल्या लपलेल्या 'डॉट कॅश' फोल्डरमध्ये असते. तिथल्या गोष्टी पुन्हा डाउनलोड होतात, त्यामुळे पुसायला भीती नाही.

स्नॅप, म्हणजे ॲपचं एकगठ्ठा पॅकेज, हे उबुंटूचं खास दुखणं आहे. प्रत्येक स्नॅपची आत्ताची आणि एक आधीची अशा दोन आवृत्त्या ठेवल्या जातात. 'स्नॅप लिस्ट'ला 'ऑल' पर्याय जोडला की ज्यांच्यापुढे 'डिसेबल्ड' लिहिलंय त्या जुन्या. त्या आवृत्ती क्रमांक देऊन काढता येतात. सिस्टीमच्या नोंदी म्हणजे जर्नल पार्टिशनच्या १० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंत वाढू शकतो, म्हणजे तुमच्या ४० जीबीवर तब्बल ४ जीबी. 'जर्नलसीटीएल'ला 'व्हॅक्युम-साइज' २००एम दिलं की तो आटोक्यात येतो. 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह'ने जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा) निघतात. 'बूट' फोल्डरमधल्या कर्नलच्या फाइली हाताने पुसू नका; पॅकेजची नोंद तशीच राहते आणि पुढचं अपडेट अडतं.

फाइल पुसली तरी जागा सुटत नाही, अशी तक्रारही नेहमी येते. त्याची तीन कारणं असतात. फाइल कचऱ्यात पडून असते, हे सर्वांत साधं. दुसरं, एखाद्या चालू प्रोग्रामने ती उघडी धरलेली असते. 'एलएसओएफ'ला अधिक चिन्ह, मोठा एल आणि १ जोडून दिलं की अशा फाइली दिसतात, आणि प्रोग्राम बंद केला की जागा मोकळी होते. तिसरं, उबुंटूची एक्स्ट४ फाइलसिस्टीम ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे ॲडमिन वापरकर्त्यासाठी, राखून ठेवते. ४० जीबीवर हे २ जीबी होतात. म्हणून सामान्य वापरकर्त्याला शून्य दिसतं, तरी सिस्टीम चालू राहते. ही राखीव जागा रूट पार्टिशनवर, म्हणजे उबुंटूच्या मुख्य पार्टिशनवर, आहे तशी राहू द्या. पूर्ण भरलेल्या रूटवर ग्राफिकल लॉगिनच होत नाही, तेव्हा तीच उपयोगी पडते. आणि जागा दिसत असूनही 'जागा नाही' असा संदेश आला तर 'डीएफ -आय' बघा. लाखो बारीक फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलीला लागणारी नोंद) संपलेले असतात. बहुतेक वेळा जुन्या प्रोजेक्टांमधली नोड मॉड्यूल्स (जावास्क्रिप्टची पॅकेजं).

एवढं केल्यावर ८-१० जीबी सुटले आणि तुमचं काम तेवढ्यात भागत असेल तर इथेच थांबा. नाही भागलं, तर विंडोजकडे वळा.

तिथे पहिलं काम बॅकअपचं. बाहेरच्या हार्ड डिस्कवर क्लोनझिला किंवा रेस्क्यूझिलाने पूर्ण डिस्कची इमेज घ्या. ते शक्य नसेल तर निदान दोन्हीकडची कागदपत्रं, कोड आणि प्रोजेक्ट रिपोर्ट वेगळे काढा. दुसरं, एन्क्रिप्शन. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपांवर, होम आवृत्तीतसुद्धा, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि मालकाला पत्ताही नसतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'मॅनेज-बीडीई -स्टेटस' देऊन खात्री करा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा. त्याच लॅपटॉपवरच्या फाइलीत ठेवून उपयोग नाही. बूटच्या क्रमात बदल झाला की विंडोज ती मागू शकतं, आणि की नसेल तर सी ड्राइव्हवरचं काहीच परत मिळत नाही.

सी ड्राइव्ह नेहमी विंडोजमधूनच छोटा करा. डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी वर राइट क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडा. आकडा एमबीमध्ये मागतात : १०० जीबी हवे असतील तर १०२४०० लिहा. तुमच्या १५० पैकी १०० पेक्षा जास्त काढू नका. विंडोजच्या मोठ्या वार्षिक अपडेटला बरीच मोकळी जागा लागते आणि काठोकाठ भरलेली एसएसडीही मंदावते. सी वर ४० जीबी मोकळे राहिलेच पाहिजेत.

इथे हमखास अडचण येते : १५० जीबी मोकळे असूनही श्रिंक फक्त १५-२० जीबी देऊ करतं. कारण असं की ड्राइव्हच्या मधोमध किंवा शेवटी न हलणारी एखादी फाइल बसलेली असते, आणि विंडोज तिच्या अलीकडे सरकू शकत नाही. कोणती फाइल ते शोधायचं असेल तर इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाची डीफ्रॅगची नोंद बघा. नाव तिथे लिहिलेलं असतं. बहुतेकदा ती तिघांपैकी एक निघते : हायबरनेशनची फाइल, पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती) किंवा सिस्टीम प्रोटेक्शनचे रिस्टोअर पॉइंट.

हायबरनेशनची फाइल डिफॉल्ट मांडणीत रॅमच्या सुमारे ४० टक्के असते. १६ जीबी रॅमवर ६ जीबीहून अधिक. 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' दिलं की ती जाते. त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही बंद होतं, आणि दोन सिस्टीमच्या मशीनवर ते कायमचं बंद असलेलंच बरं. पेजफाइल तात्पुरती बंद करायची तर सिस्टीम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्स सेटिंग्ज, पुन्हा ॲडव्हान्स्ड आणि व्हर्च्युअल मेमरी या वाटेने 'नो पेजिंग फाइल' निवडा. सिस्टीम प्रोटेक्शन बंद केलं की रिस्टोअर पॉइंट जातात, हे जाणूनच बंद करा. मग रीस्टार्ट, मग श्रिंक. काम झालं की पेजफाइल आणि सिस्टीम प्रोटेक्शन पुन्हा चालू करायला विसरू नका. पेजफाइल बंदच राहिली तर रॅम भरल्यावर ब्राउझर आणि अँड्रॉइड स्टुडिओ अचानक बंद पडू लागतात, आणि मग लोक रॅम खराब झाली असं समजतात.

क्वचित नोंदीत एमएफटीचं नाव येतं, म्हणजे एनटीएफएसची (विंडोजच्या फाइलसिस्टीमची) स्वतःची अनुक्रमणिकाच आड आलेली असते. ती विंडोजच्या श्रिंकला हलवता येत नाही. लाइव्ह यूएसबीवरच्या (इन्स्टॉल न करता उबुंटू चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरच्या) जीपार्टेडला येते, पण त्यासाठी एन्क्रिप्शन पूर्ण काढलेलं आणि विंडोज नीट बंद केलेलं असावं लागतं. नंतरच्या पहिल्या सुरुवातीला विंडोज डिस्क तपासेल. ते मध्येच तोडू नका.

श्रिंक करण्याआधी विंडोजमधला कचराही काढून टाका. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज इथल्या 'क्लीनअप रेकमेंडेशन्स'मध्ये जुन्या अपडेटच्या फाइली असतात. अँड्रॉइड स्टुडिओचे एम्युलेटर काही जीबींचे असतात. न लागणारे त्याच्याच डिव्हाइस मॅनेजरमधून काढा. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरलं असेल तर त्याची आभासी डिस्क वाढत जाते, आत फाइली पुसल्या तरी बाहेरची फाइल आपोआप लहान होत नाही. स्वतंत्र उबुंटू असताना डब्ल्यूएसएलची गरज नसेल, तर आतला डेटा काढून घेऊन ते पूर्ण काढून टाका.

आता १०० जीबीची मोकळी जागा सी आणि उबुंटू यांच्या मध्ये आली, म्हणजे उबुंटूच्या डाव्या बाजूला. इथे दोन वाटा फुटतात.

पहिली वाट म्हणजे उबुंटूचं पार्टिशन डावीकडे वाढवणं. पार्टिशन उजवीकडे वाढवणं सोपं. एक्स्ट४ तर चालू असतानाही वाढतं. डावीकडे वाढवायचं तर पार्टिशनची सुरुवातच बदलते, म्हणून सगळा मजकूर उचलून नव्या जागी ठेवावा लागतो. ते लाइव्ह यूएसबीवरूनच होतं. ४० जीबीला एनव्हीएमईवर (वेगवान प्रकारच्या एसएसडीवर) काही मिनिटं लागतील, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तास-दोन तासही. या वेळात वीज गेली किंवा कुणी झाकण बंद करून लॅपटॉप झोपवला, तर पार्टिशन ना जुन्या जागी पूर्ण राहतं ना नव्या. पावसाळ्यात डोंबिवली, बदलापूर, वसई-विरारकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. बॅटरी पूर्ण भरलेली, चार्जर लावलेला आणि झोपण्याची सेटिंग बंद असल्याशिवाय सुरू करू नका. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच.

दुसरी वाट मला जास्त पटते : जुनं पार्टिशन जागेवरून हलवायचंच नाही. मोकळ्या जागेत नवं एक्स्ट४ पार्टिशन करायचं आणि होम तिकडे न्यायचं. यात मूळ प्रत शेवटपर्यंत शाबूत असते, म्हणून मध्ये काहीही बिघडलं तरी परत फिरता येतं. मोजणीत होम मोठं निघालं असेल तर हाच उपाय. जागा 'व्हार'मध्ये असेल, उदाहरणार्थ डॉकरची, तर होम हलवून फायदा नाही. डॉकरच्या 'डीमन डॉट जेसन' फाइलमध्ये 'डेटा-रूट' नव्या पार्टिशनवरच्या फोल्डरकडे वळवा. आणि सिस्टीमचीच पॅकेजं खरोखर ३०-३५ जीबींची झाली असतील, तरच पहिली वाट धरा.

होम हलवायची पद्धत अशी. लाइव्ह यूएसबीवरून सुरू करा, म्हणजे कोणतीही फाइल उघडी नसते. जीपार्टेडमध्ये मोकळ्या जागेत एक्स्ट४ पार्टिशन करा, त्याला लेबल द्या. जुनं रूट एका फोल्डरवर आणि नवं पार्टिशन दुसऱ्यावर माउंट करा, म्हणजे जोडा. मग सुडोने 'आरसिंक' ही कॉपीची कमांड चालवा. पर्याय हायफनला जोडून चार अक्षरं : लहान ए, मोठा ए, मोठा एक्स, मोठा एच. यामुळे मालकी, परवानग्या आणि दुवे जसेच्या तसे येतात. मूळ होमच्या पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ हवीच. ती विसरली तर नव्या पार्टिशनमध्ये 'होम' नावाचं आणखी एक फोल्डर तयार होतं आणि लॉगिन झाल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसतो. साध्या फाइल मॅनेजरने ओढून कॉपी करू नका. मालकी बदलते आणि एसएसएचच्या किल्ल्या चालेनाशा होतात.

पुढे जुन्या रूटवरच्या होमचं नाव बदलून 'होम-जुने' अशा अर्थाचं इंग्रजी नाव द्या, त्या जागी रिकामं 'होम' करा, आणि त्याच रूटच्या 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'एफएसटॅब' फाइलमध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं त्याची यादी) नव्या पार्टिशनची ओळ लिहा. ओळीत उपकरणाचं नाव नको, यूयूआयडी (पार्टिशनचा न बदलणारा ओळख क्रमांक) वापरा. तो 'बीएलकेआयडी' कमांडने मिळतो. ओळीच्या शेवटचे दोन आकडे ० आणि २. या फाइलीत एक अक्षर चुकलं तरी उबुंटू इमर्जन्सी मोडमध्ये थांबतं, म्हणून लिहून झाल्यावर प्रत्येक अक्षर बघा. उबुंटू नीट सुरू झालं, सगळ्या फाइली दिसल्या, आठवडाभर काम झालं, की मगच जुनं होम पुसा. तोपर्यंत रूटवरची जागा सुटलेली दिसणार नाही, घाबरू नका. नव्या होमवर ५ टक्के राखीव ठेवण्याची गरज नसते. 'ट्यून२एफएस -एम १' ने ते १ टक्क्यावर आणा.

शंभरच्या शंभर जीबी होमला देण्याऐवजी ४० जीबी एनटीएफएसचं एक सामाईक पार्टिशन करा, असं सुचवेन. नोट्स, पीडीएफ, व्हिडिओ, लेक्चरची रेकॉर्डिंग यांच्या दोन-दोन प्रती दोन्हीकडे पडलेल्या असतात. त्या एका जागी आल्या की दोघांचीही तंगी कमी होते. कोड, पायथनची एन्व्हायर्नमेंट, नोड मॉड्यूल्स, डॉकर यातलं काहीही तिथे ठेवू नका. एनटीएफएसवर लिनक्सच्या परवानग्या आणि दुवे नीट टिकत नाहीत. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅटला जर्नल (बदल करण्याआधी ठेवलेली नोंद; वरच्या सिस्टीमच्या नोंदी नव्हेत) नसतं, त्यामुळे लिहिताना वीज गेली तर फाइली बिघडण्याचा धोका जास्त. म्हणून एनटीएफएसच.

हे पार्टिशन उबुंटूमध्ये 'फक्त वाचता येतं' असं म्हणू लागलं, तर फास्ट स्टार्टअप कुठल्यातरी अपडेटनंतर पुन्हा चालू झालंय असं समजा. तेव्हा विंडोजने 'शट डाउन' म्हटलं तरी ते अर्धवट झोपलेलं असतं आणि ड्राइव्ह त्याच्या ताब्यात असतो. शिफ्ट दाबून शट डाउन केलं की ते पूर्ण बंद होतं. 'एनटीएफएसफिक्स' ही कमांड यावरचा इलाज म्हणून सांगतात, पण ती काही जुजबी गोष्टीच दुरुस्त करते. एनटीएफएसची खरी तपासणी विंडोजमधल्या 'चेकडिस्क'नेच करा. एफएसटॅबमध्ये या पार्टिशनला 'नोफेल' आणि 'विंडोज_नेम्स' हे पर्याय जोडा. पहिल्यामुळे ते माउंट झालं नाही तरी उबुंटू सुरू होतं; दुसऱ्यामुळे अपूर्णविराम (:), प्रश्नचिन्ह असलेली, विंडोजला न उघडणारी नावं तयारच होत नाहीत. आणि उबुंटूत पुसलेल्या फाइली याच पार्टिशनवर 'डॉट ट्रॅश-१०००' नावाच्या फोल्डरमध्ये साठतात. विंडोजचं रिसायकल बिन रिकामं करून त्या जात नाहीत, उबुंटूचा कचराच रिकामा करावा लागतो.

विंडोज एक्स्ट४ ओळखत नाही. उबुंटूचं पार्टिशन त्याला अनोळखी वाटतं आणि कधी 'ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा' अशी खिडकी येते. तिथे कायम 'कॅन्सल'. घरातला दुसरा कुणी लॅपटॉप वापरत असेल तर त्यालाही हे सांगून ठेवा.

नव्याने मांडणी करायची वेळ आली तर ४७६ जीबींत सी ला १८०, उबुंटूच्या रूटला ७०, सामाईक पार्टिशनला २००, आणि उरलेले २०-२५ काहीच न करता मोकळे. पुढे उबुंटूला कमी पडलं तर तिथून देता येतात. ही मोकळी पट्टी उबुंटूच्या उजवीकडे ठेवा, म्हणजे वाढवणं मिनिटाचं काम होतं. डिस्क २५६ जीबीची असेल तर सामाईक पार्टिशनचा नाद सोडा; तीन तुकड्यांत कुणालाच पुरत नाही.

लॅपटॉपमध्ये दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडीचं कार्ड बसवायची जागा) असेल तर उबुंटूसाठी वेगळी एसएसडी हा सगळ्यांत निर्धोक मार्ग आहे. वरची बरीच यातायात वाचते. घेण्याआधी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दोन गोष्टी बघा : कार्डची लांबी २२४२ की २२८०, आणि स्लॉट एनव्हीएमई आहे की फक्त साटा (जुनी, हळू जोडणी). साटाच्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई कार्ड चालत नाही, आणि दिसायला दोन्ही जवळजवळ सारखी असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात घेणार असाल तर मॉडेल क्रमांक लिहून न्या, पक्कं जीएसटी बिल घ्या, आणि वॉरंटी कंपनीची आहे की दुकानाची ते बिलावर लिहून घ्या. उबुंटू टाकताना बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) नव्या डिस्कच्याच ईएफआय पार्टिशनवर गेला आहे का, हे इन्स्टॉल झाल्यावर तपासा. इन्स्टॉलर बऱ्याचदा तो पहिल्या डिस्कवर टाकतो. जमलं तर त्या वेळेपुरती पहिली एसएसडी काढूनच ठेवा.